वकिलाने कुणाच्या मनाला विचारायचं?

समजा, चार वर्षांपूर्वी तुम्ही शेजाऱ्याला दोन लाख रुपये हातउसने दिले. साध्या कागदावर त्याची सही घेतलीत. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं, आई आजारी पडली, आणि भिडेखातर तुम्ही पैसे मागायचे राहून गेलात. शेवटी कोर्टात जायची वेळ आली. शेजारी आपल्या वकिलासमोर बसून म्हणाला, "घेतलेत, साहेब. खोटं कशाला बोलू? पण आता द्यायचे नाहीत." वकिलाने कागदावरची तारीख पाहिली. तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. दावा मुदतबाह्य. एका ओळीच्या बचावात तुमचे दोन लाख बुडाले.

त्या वकिलाने काही गैर केलं का? मुदतीचा कायदा त्याने केलेला नाही. तो कोर्टात खोटं बोललेला नाही. अशिलाच्या फायद्याचा मुद्दा दिसत असताना तो मांडला नसता, तर उलट त्याच्यावरच कामात कुचराई केल्याचा ठपका आला असता. तरीही तुमचं मन म्हणतं की हे बरोबर नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड हॉफमन नावाचे वकील होते. मेरीलँड विद्यापीठात ते कायदा शिकवत. १८३६ साली त्यांनी आपल्या कायदेशिक्षणावरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्यात वकिलाने स्वतःशी करायचे पन्नास संकल्प घातले. त्यातला बारावा संकल्प थेट आपल्या या शेजाऱ्याबद्दल आहे. केवळ मुदत उलटली एवढ्यावर मी कधीही बचाव घेणार नाही, असं हॉफमन लिहितात. कर्ज देणं लागतो हे अशिलाला स्वतःला ठाऊक असेल आणि मुदतीखेरीज त्याच्याकडे दुसरं उत्तर नसेल, तर त्याच्या लबाडीत तो मला भागीदार करू शकणार नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. इतक्या सरळपणे कुणी वकिलीबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे मात्र हा संकल्प पाळूनही उपयोग नाही. १९६३ च्या आपल्या मुदत कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नसला, तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच. म्हणजे शेजाऱ्याचा वकील गप्प राहिला, तरी न्यायाधीश गप्प राहू शकत नाहीत. मात्र करार कायद्याच्या २५ व्या कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे. मुदत उलटलेलं कर्ज फेडण्याचं वचन ऋणकोने लेखी, सही करून दिलं, तर ते वचन कोर्टात टिकतं. शेजाऱ्याच्या मनात लाज उरली असेल, तर कायद्याने तिच्यासाठी एवढी जागा ठेवली आहे. वकिलाच्या लाजेसाठी ठेवलेली नाही.

हॉफमनसारख्या माणसांनी काय लिहिलं, ते कुणी मानलं, कुणी झिडकारलं आणि त्यातून आजचे नियम कसे घडले, हा अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय आहे. वकिली नीतीचा इतिहास. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात सेंट मेरीज विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या मायकल एरियन्स यांनी त्यावर अनेक वर्षं लेखन केलं आहे. २०२३ साली त्यांचा अमेरिकी वकिली नीतीचा इतिहास सांगणारा ग्रंथ आला. त्याच्या नावातच 'वकिलाचा सदसद्विवेक' हे शब्द आहेत. या विषयाचा गाभा मलाही तिथेच दिसतो. वकिलाने कुणाच्या मनाला विचारून वागायचं? स्वतःच्या, अशिलाच्या, की कायद्याच्या? दोनशे वर्षांत या एका प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली गेली, आणि प्रत्येक उत्तरामागे कुठला तरी खटला उभा आहे.

हॉफमनचं उत्तर तेहेतिसाव्या संकल्पात आहे. एखादी चूक सगळेच करतात म्हणून ती कमी चूक ठरत नाही, आणि दुसऱ्यांच्या नव्हे तर केवळ माझ्या सदसद्विवेकाला मी वाटाड्या करीन. पंधराव्या संकल्पात ते आणखी पुढे जातात. भयंकर गुन्ह्याचा आरोपी आहे आणि पुराव्यावरून त्याच्या अपराधाबद्दल रास्त शंका उरलेली नाही, अशा वेळी कावेबाज युक्तिवाद करून किंवा वक्तृत्वाची जादू चालवून न्यायाची वाट अडवणं हा आपला हक्कसुद्धा नाही, मग कर्तव्य कुठलं, असं ते म्हणतात. आणि शेवटचा, पन्नासावा संकल्प: आधीचे एकोणपन्नास मी वकिलीत असेपर्यंत दर वर्षी दोनदा वाचीन.

हॉफमन १८५४ साली वारले आणि शंभराहून अधिक वर्षं जवळजवळ विसरले गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वकिली नीतीवर लिहिणाऱ्यांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं, आणि मग ते या विषयाचे आद्यपुरुष ठरले. एरियन्स यांचा एक दीर्घ लेख याच हरवण्या-सापडण्यावर आहे. इतिहासकाराचं काम इथे नीट दिसतं. जुना मजकूर सापडला की तो आपल्या सोयीने वाचायचा मोह होतो. इतिहासकार तो लिहिला गेला त्या काळात नेऊन ठेवतो, कुणाशी चाललेल्या वादात तो लिहिला होता ते बघतो. हॉफमन नेमके १९७० च्या दशकातच का सापडले, याकडे मी पुढे येतोच.

हॉफमनच्या सोळा वर्षं आधी, १८२० मध्ये, लंडनला अगदी उलट टोकाचं उत्तर दिलं गेलं होतं. राजा चौथा जॉर्ज गादीवर आला. त्याला राणी कॅरोलाइन नको होती. तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून लग्न मोडणारं विधेयक हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये आणलं गेलं. राणीचे वकील होते हेन्री ब्रूम. भर सभेत त्यांनी सांगितलं की आपलं कर्तव्य बजावताना वकिलाला सगळ्या जगात एकच माणूस ठाऊक असतो, आणि तो म्हणजे त्याचा अशील. त्याला वाचवताना इतरांवर काय संकट कोसळेल ते त्याने बघायचं नाही, देशात गोंधळ माजला तरी थांबायचं नाही.

हे शब्द वकिलीच्या इतिहासात फार उद्धृत झाले. पण त्या दिवशी ते तत्त्वज्ञान म्हणून बोलले गेले नव्हते. ती धमकी होती. राजाने तरुणपणी, १७८५ साली, मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक बाईशी गुपचूप लग्न केलं होतं. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्याला गादी मिळत नसे. विधेयक रेटलंत तर हे बाहेर काढीन, असा ब्रूम यांचा इशारा होता, आणि ज्यांना कळायचं त्यांना तो कळला. विधेयक तिसऱ्या वाचनात १०८ विरुद्ध ९९ अशा निसटत्या मतांनी तरलं आणि सरकारने ते सोडून दिलं. एका बाईला वाचवण्यासाठी राजाच्या मुकुटालाच हात घालण्याची तयारी दाखवली गेली होती. समोर सत्ता असते आणि अशील एकटा असतो, तेव्हा ब्रूम यांचे शब्द मला पटतात. समोर तुमच्यासारखा उसने देऊन बसलेला शेजारी असेल, तेव्हा तेच शब्द क्रूर वाटतात. एकच वाक्य दोन जागी असं वेगळं का वाटतं, हे समजून घेणं म्हणजे या विषयाचा निम्मा अभ्यास.

वीस वर्षांनी लंडनमध्येच या प्रश्नाची कसोटी लागली. मे १८४० मध्ये लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा झोपेत गळा चिरलेला आढळला. आरोपी होता त्यांचा स्विस नोकर कूर्व्हाझिए. त्याचे वकील चार्ल्स फिलिप्स. खटला मध्यावर आला असताना चोरीची चांदीची भांडी सापडल्याची साक्ष पुढे आली, आणि आरोपीने फिलिप्सना बोलावून सांगितलं की खून मीच केला. पण वकीलपत्र सोडू नका, मला शेवटपर्यंत लढायचं आहे.

फिलिप्स हादरले. त्यांनी खटल्यात बसलेल्या एका न्यायाधीशांना, बॅरन पार्क यांना, खासगीत विचारलं. सल्ला मिळाला की आरोपीची इच्छा असेल तर तुम्ही त्याला सोडू शकत नाही, पुराव्यातून निघणारा प्रत्येक रास्त मुद्दा मांडला पाहिजे. फिलिप्स लढले. पोलिसांवर शंका घेतल्या, साक्षीदारांना धारेवर धरलं. ज्युरीने तरीही दोषी ठरवलं आणि जुलैत न्यूगेट तुरुंगाबाहेर कूर्व्हाझिएला जाहीर फाशी झाली. कबुलीची गोष्ट बाहेर फुटल्यावर लोकांचा राग फिलिप्सवर निघाला, आणि तो वर्षानुवर्षं धुमसत राहिला. यात एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने मिळाला होता. म्हणजे ही प्रथाच जेमतेम चार वर्षांची होती. वकिलाने नेमकं किती आणि काय बोलावं, हे समाजाला अजून उमगायचं होतं.

अमेरिकेत या खटल्यावर बारकाईने विचार केला तो जॉर्ज शार्सवुड यांनी. ते फिलाडेल्फियात न्यायाधीश होते आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत होते. विद्यार्थ्यांसमोरची त्यांची व्याख्यानं १८५४ साली छापली गेली, म्हणजे हॉफमन वारले त्याच वर्षी. शार्सवुड यांचा युक्तिवाद साधा आहे. अशिलाची बाजू मला अन्यायाची वाटते म्हणून मदत नाकारणारा वकील न्यायाधीश आणि ज्युरी या दोघांचंही काम बळकावून बसतो. निवाडा करायला दुसरी माणसं नेमलेली आहेत. पण ते ब्रूमही नाहीत. कुणाचं प्रामाणिक येणं तांत्रिक चुकांवर बोट ठेवून बुडवायचं काम अशिलाने सांगितलं, तर वकिलाने नकार द्यावा, असंही ते म्हणतात. आरोपीच्या बचावात वकिलाला जेवढी मोकळीक, तेवढी ती दुसऱ्यावर फिर्याद घालताना नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तुरुंगाच्या दारात उभा असलेला माणूस आणि पैसे बुडवू बघणारा माणूस यांना एकाच मापाने मोजायची गरज नाही.

पुढच्या काही दशकांत पैसा वाढला, रेल्वे कंपन्या आल्या, आणि वकील त्यांच्या मागे गेले. १८७० च्या सुमारास डेव्हिड डडली फील्ड हे नामांकित वकील जे गुल्ड आणि जिम फिस्क या शेअर बाजारातल्या कुप्रसिद्ध जोडगोळीसाठी एरी रेल्वेच्या लढाया कोर्टात लढत होते. एका वर्तमानपत्राच्या संपादकाने त्यांच्यावर टीका केली, दोघांची पत्रापत्री झाली आणि ती छापली गेली. फील्ड यांचं म्हणणं असं की अशिलाच्या चारित्र्याचा जाब वकिलाला विचारायचा नसतो. १९०५ साली हार्वर्डमधल्या भाषणात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याच प्रवृत्तीवर कोरडे ओढले. सगळ्यांत जास्त कमावणारे वकील धनाढ्यांना कायद्यातून पळवाटा शोधून देण्यात गुंतले आहेत, असा त्यांचा आरोप होता. तो अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेला झोंबला. समिती नेमली गेली आणि ऑगस्ट १९०८ मध्ये सिॲटल इथे बत्तीस नीतिसूत्रं मंजूर झाली. त्यांचा पाया अलाबामा राज्याची १८८७ ची संहिता होती, आणि त्या संहितेचा पाया शार्सवुड यांची व्याख्यानं. पंधराव्या सूत्राच्या शेवटी हॉफमनचा सूर पुन्हा ऐकू येतो: वकिलाने अशिलाचा नव्हे, स्वतःचा सदसद्विवेक मानायचा.

ऐकायला सुंदर. पण या सूत्रांचा फटका कुणाला बसला तेही बघायला हवं. जाहिरात करू नका, लोकांना दाव्याला उद्युक्त करू नका, अशी बंधनं त्यांत होती. कारखान्यांच्या मोठ्या वकिलांना जाहिरातीची गरजच नव्हती, त्यांचे अशील क्लबात भेटत. अपघातात हात गमावलेल्या स्थलांतरित कामगाराला मात्र आपल्याला भरपाई मिळू शकते हे सांगायला कुणी तरी त्याच्या दारात जावं लागे. दारात जाणारा वकील हलका ठरला. शिवाय ही सूत्रं लिहिणाऱ्या संघटनेने कृष्णवर्णीय वकिलांना कित्येक दशकं बाहेर ठेवलं होतं. १९२५ साली त्यांनी स्वतःची नॅशनल बार असोसिएशन काढली. १९५० च्या दशकात व्हर्जिनिया राज्याने तर दावे मिळवण्यावरच्या बंदीचा हा नियम नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेवर चालवला, कारण ती शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध दावे लावायला पालकांना मदत करत होती. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रयत्न हाणून पाडला. नीतीच्या नावाने लिहिलेला नियम अन्यायाच्या हातात किती सहज जातो, हे मला या विषयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं पान वाटतं.

त्याच नियमाची दुसरी बाजू मुंबईने पाहिली आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत, पक्षकार दिसला की धावत, एकमेकांच्या हातातून काम ओढून घेत, फी पाडून सांगत, प्रसंगी हाणामारीही करत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने कारवाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ च्या त्या दाभोळकर खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावलं की कायदा हा धंदा नव्हे आणि वकीलपत्रं हा बाजारातला माल नव्हे. पुढे दोनच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातीवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. आपल्या बार कौन्सिलचा छत्तिसावा नियम आजही जाहिरातीला मनाई करतो. २००८ पासून वेबसाइटवर ठरावीक माहिती देण्यापुरती सूट आहे.

आता १९६६. मन्रो फ्रीडमन हे कायद्याचे प्राध्यापक तेव्हा वॉशिंग्टनमध्ये शिकवत. फौजदारी वकिलाला पडणारे तीन सर्वांत कठीण प्रश्न त्यांनी मांडले. साक्षीदार खरं बोलतो आहे हे माहीत असूनही उलटतपासणीत त्याला खोटं पाडायचं का? अशील खोटी साक्ष देणार हे माहीत असूनही त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? आणि कायदा समजावून सांगितला तर अशील त्याप्रमाणे खोटी कहाणी रचेल अशी शंका असताना त्याला कायदा सांगायचा का? फ्रीडमन यांनी तिन्हींना होकार दिला. पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झालेले वॉरन बर्गर आणि आणखी काही न्यायाधीश इतके संतापले की फ्रीडमन यांची सनद काढून घ्या अशी मागणी झाली.

पण त्यांचा तर्क शांतपणे ऐकण्यासारखा आहे. आपण वकिलाला तीन गोष्टी सांगतो. अशिलाकडून सगळं खरं काढून घे. ते कुणाला सांगू नकोस. आणि कोर्टापासून काही लपवू नकोस. यातल्या कोणत्याही दोन पाळता येतात, तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. मग एक सोडावी लागते. आपल्या जिल्हा कोर्टांच्या व्हरांड्यात याचं एक उत्तर रोज ऐकू येतं: "मला सगळं सांगू नका, विचारीन तेवढंच सांगा." म्हणजे पहिली गोष्ट सोडून दिली. फ्रीडमन म्हणत की हे सर्वांत वाईट, कारण घाबरलेल्या, अडाणी अशिलाला आपल्या बचावाचा मुद्दा कुठला हेच कळत नसतं. स्वसंरक्षणासाठी वार केलेला माणूस "मी मारलंच नाही" म्हणून बसतो आणि खरा बचाव गमावतो. म्हणून त्यांनी तिसरी सोडली. अमेरिकी नियमांनी शेवटी त्यांचं ऐकलं नाही. खोट्या साक्षीच्या बाबतीत वकिलाचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी प्रामाणिक राहण्याचं, असं ठरलं, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेने निकाल दिला. मला दुसऱ्या प्रश्नावर कोर्टाचं पटतं. तिसऱ्या प्रश्नावर मी पूर्णपणे फ्रीडमन यांच्या बाजूने आहे. कायदा माहीत करून घेण्याचा हक्क फक्त सज्जनांना देता येत नाही.

मग आलं वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा सत्ताधाऱ्यांचा कट. १९७३ च्या जूनमध्ये अध्यक्ष निक्सन यांचे माजी सल्लागार जॉन डीन सिनेट समितीसमोर साक्ष देत होते. कटात गुंतलेल्यांची त्यांनी केलेली यादी पुढे आली. तिच्यात काही नावांपुढे खुणा होत्या. ते सगळे वकील होते. इतके वकील यात कसे, हा प्रश्न खुद्द डीन यांनाच पडला होता, आणि तेही वकीलच होते. दुसऱ्याच वर्षी मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयांना वकिली नीती शिकवणं सक्तीचं झालं. सक्तीचा विषय म्हटल्यावर पाठ्यपुस्तकं लागली, आणि त्यांना इतिहास लागला. हॉफमन याच काळात सापडावेत, हा मला योगायोग वाटत नाही. घर जळत असताना माणसं आजोबांच्या ट्रंकेत काही शहाणपण सापडतं का ते बघतात.

१९७३ च्या त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यात आणखी एक प्रकरण उलगडत होतं. रॉबर्ट गॅरो याला एका तरुणाच्या खुनासाठी पकडलं होतं. फ्रँक अर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज या आपल्या वकिलांना त्याने आणखी खून केल्याचं सांगितलं. बेपत्ता असलेल्या दोन तरुणींची प्रेतं कुठे आहेत तेही सांगितलं. वकील तिथे गेले, प्रेतं पाहिली, फोटो काढले आणि गप्प राहिले. दोन घरं आपल्या लेकीची वाट बघत होती. एका मुलीचे वडील तर वकिलाला येऊन भेटले, काही माहीत असेल तर सांगा म्हणाले. त्यांना काही सांगितलं गेलं नाही. १९७४ मध्ये लेक प्लेझंट या गावातल्या खटल्यात गॅरोने स्वतःच साक्षीत हे सांगितलं, तेव्हा सगळं उघड झालं. लोकांनी वकिलांना धमक्या दिल्या, अर्मानींची वकिली जवळपास बसली. बेल्जवर प्रेताला योग्य अंत्यविधी मिळू न दिल्याचा खटला भरला गेला आणि १९७५ साली तो रद्द झाला. गुपित राखणं हे त्यांचं कर्तव्यच होतं, असं न्यायालयाने धरलं.

कायद्याने ते निर्दोष होते. पण त्या बापासमोर बसून मान हलवताना त्यांच्या आत काय झालं असेल? हॉफमनचा वकील तिथे बोलला असता, असं मला वाटतं. ब्रूम यांचा गप्प राहिला असता आणि शांत झोपला असता. अर्मानी गप्प राहिले, आणि या मौनाने आपल्याला किती पोखरलं ते त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं.

या सगळ्यातून जे नियम घडले, त्यांची फक्त नावं बघितली तरी प्रवास कळतो. १९०८ च्या सूत्रांच्या नावात 'नीती' हा शब्द होता. १९६९ मध्ये नवी संहिता आली, तिच्या नावात 'जबाबदारी' आली. १९८३ च्या नियमांच्या नावात उरलं नुसतं 'वर्तन'. ते नियम ओमाहाचे वकील रॉबर्ट कुटक यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने घडवले. आयोगाला गुपिताची भिंत थोडी खाली आणायची होती, म्हणजे मोठी फसवणूक टाळण्यासाठी वकिलाला बोलता येईल. बार असोसिएशनने ते फेटाळलं. नियम मंजूर होण्याआधी काही महिने, जानेवारी १९८३ मध्ये, कुटक वारले. एन्रॉन कंपनीचा हिशेबांचा घोटाळा झाल्यावर २००३ साली ती भिंत अखेर थोडी खाली आली.

आपल्या १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखालचे बार कौन्सिलचे नियम वाचले की १९०८ ची भाषा ओळखू येते. पंधरावा नियम म्हणतो की वकिलाने सर्व रास्त आणि सन्माननीय मार्गांनी अशिलाचं हित निर्भयपणे जपावं, आणि आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असलं तरी त्याचा बचाव करावा. कारण त्याची निष्ठा अशा कायद्याशी आहे, जो पुरेशा पुराव्यावाचून कुणाला दोषी ठरवत नाही. २००९ साली मुंबईत या नियमाची किंमत मोजली गेली. २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी कसाब याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या वकिलांच्या संघटनेने आधीच केला होता. न्यायालयाने एका वकीलबाईंची नेमणूक केली, तर त्यांच्या घरावर जमावाने दगडफेक केली. तरीही त्यांनी जबाबदारी स्वीकारली. पुढे त्याच हल्ल्यातल्या एका पीडिताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातही त्या वकील असल्याचं दिसल्यावर न्यायालयाने त्यांना बाजूला केलं, कारण एक वकील दोन्ही तीरांवर उभा राहू शकत नाही. दुसरे वकील नेमले गेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात स्पष्ट केलं की आरोपीची बाजू न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत. २०१२ च्या कसाब निकालात त्याच न्यायालयाने फाशी कायम केली, आणि आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य असल्याचंही बजावलं.

आणि शेवटी शिकागो. १९८२ साली मॅकडॉनल्ड्समधल्या एका सुरक्षारक्षकाच्या खुनात ॲल्टन लोगन नावाच्या माणसाला पकडलं. दुसऱ्या खटल्यात अडकलेल्या अँड्र्यू विल्सनने आपल्या दोन सरकारी बचाव वकिलांना सांगितलं की तो खून मी केला. वकिलांनी शपथपत्र लिहिलं आणि धातूच्या पेटीत बंद केलं. लोगनला फाशीची शिक्षा झाली तर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन ज्युरर फाशीला तयार झाले नाहीत, जन्मठेप झाली, आणि पेटी बंदच राहिली. आपल्या मृत्यूनंतर सांगायला हरकत नाही, एवढी परवानगी मात्र विल्सनने दिली होती. २००७ मध्ये तो तुरुंगात मेला. २००८ साली, सव्वीस वर्षांनी, लोगन बाहेर आला. कायद्याचे प्राध्यापक यावर अजून भांडतात. मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम निरपराध माणसाचा तुरुंगवास टाळण्यासाठी वकिलाला बोलायची मुभा देतो. इलिनॉयमध्ये तेव्हा ती नव्हती.

आपल्याकडे? १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली एक छोटं उदाहरण दिलेलं होतं. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाखाली आहे. अशील वकिलाला म्हणतो, "मी बनावट दस्तऐवज केला आहे, तुम्ही माझा बचाव करा." कायदा सांगतो की हे बोलणं गुप्त राहील, कारण दोषी असल्याचं माहीत असलेल्या माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे. आणि वकीलपत्र संपल्यावरही ते गुप्तच राहील. ती पेटी मुंबईत किंवा नागपुरात असती, तरी ती उघडली असती ती त्याच एका किल्लीने: अशिलाने स्वतः दिलेल्या स्पष्ट संमतीने.